नोकरी जाणार असेल तर पगारातील करकपातीचे काय?

आमचे देगलूर तसे सीमेवरचे गाव. इकडून तेलंगणा, तिकडून कर्नाटक. गावात कामधंदा थोडा, त्यामुळे हैदराबादची नाहीतर पुण्याची गाडी धरायची ही इथली जुनी रीत. एका पिढीने बोधनच्या निजाम साखर कारखान्याचा भोंगा ऐकला, काहींनी नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत दिवस काढले. बोधनचा तो कारखाना डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाला. गिरण्या-कारखाने बंद पडले तेव्हा आपल्या माणसांच्या तोंडी दोनच प्रश्न असायचे, फंड कधी मिळणार आणि ग्रॅच्युइटी किती मिळणार. आयकराचा प्रश्न कोणी विचारत नसे. विचारायचे कारणच नव्हते, कारण कर लागावा एवढा पगारच बहुतेकांना नव्हता.

आता त्या कामगारांची लेकरे शिकली. कोणी इंजिनिअर झाले, कोणी औषधाच्या कारखान्यात तपासनीस, कोणी बँकेच्या कंत्राटी कामावर. पगार वाढला तसा पगारातून कापला जाणारा कर घरात आला, आणि पाठोपाठ नोकरी जाण्याची भीतीही आली. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीने आपल्या एकूण मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या गल्लीतसुद्धा चर्चा झाली. ज्यांची मुले त्या कंपनीत नव्हती त्यांनाही झोप आली नाही.

त्याच ऑगस्टात आमच्या शेजारचे मामा एका संध्याकाळी आमच्याकडे आले. मामा गवंडीकाम करत. आता गुडघे गेले, काम बंद आहे. त्यांचा मोठा मुलगा पुण्यात हिंजवडीला एका संगणक कंपनीत सात वर्षे होता. मामांनी मोबाइल पुढे केला. "भाऊ, पोराला ३० सप्टेंबरपर्यंत थांब म्हणले. त्याच्यानंतर येऊ नको म्हणले. हे बघा त्याचा पगार. नोकरी जायलीच, वरून हे साडेबारा हजार कामून कापायलेत?"

मामा काही शाळा फारशी शिकलेले नाहीत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न एखाद्या सनदी लेखापालाने विचारावा असा होता. मुलाला आम्ही लगेच फोन लावला. तो म्हणाला, "काका, टॅक्स तर कापणारच ना? ते सिस्टममधून आपोआप कापलं जातं."

आपोआप कापले जाते हे खरे, पण ते कशाच्या आधारावर कापले जाते हे आपल्यातल्या शिकलेल्या मुलांनाही ठाऊक नसते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि वर्षानुवर्षे कारकुनी केलेली, म्हणून हा हिशेब सोपा करून मांडतो. वाचक बंधू-भगिनींनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

मुलाचा पगार महिना १ लाख ५० हजार. कंपनीच्या लेखा विभागाने एप्रिलमध्येच धरून चालले की हा माणूस बारा महिने राहणार. म्हणजे वर्षाचे १८ लाख. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करपद्धतीप्रमाणे त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, राहिले १७ लाख २५ हजार. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १५ टक्क्यांनी ६० हजार, आणि उरलेल्या सव्वा लाखावर २० टक्क्यांनी २५ हजार. बेरीज १ लाख ४५ हजार. वर ४ टक्के उपकर ५,८०० रुपये. एकूण १ लाख ५० हजार ८०० रुपये. याला १२ ने भागले की महिन्याचे १२,५६७ रुपये होतात. मामांना दिसलेला आकडा हाच.

पण मुलगा बारा महिने राहणारच नव्हता. एप्रिल ते सप्टेंबर, सहाच महिने. पगार ९ लाख. त्यातून ७५ हजार गेले की ८ लाख २५ हजार. आणि २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत पगारदाराचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलत मिळून कर शून्य होतो. म्हणजे ज्या माणसाला त्या वर्षी एक रुपयाही कर लागत नव्हता, त्याच्या पगारातून चार महिन्यांत ५०,२६८ रुपये कापून झाले होते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरचे मिळून आणखी २५,१३४ रुपये कापले जाणार होते.

कोणी म्हणेल, यात काय बिघडले? पुढच्या वर्षी रिटर्न भरला की सरकार परत देईलच की. देईल, नियमाप्रमाणे व्याजही देईल. पण नोकरी गेलेल्या घराला पैसा पुढच्या वर्षी नको असतो, ऑक्टोबरात हवा असतो. मामांची धाकटी मुलगी नांदेडला नर्सिंगला आहे. तिची फी दिवाळीआधी भरायची होती. पुण्याच्या खोलीचे भाडे होते. अशा वेळी २५ हजार रुपये हातात असणे आणि पुढच्या पावसाळ्यात खात्यात जमा होणे, यातला फरक ज्याने महिनाअखेर काढली आहे त्यालाच कळतो. बाई घर चालवते तिला तर विचारायलाच नको.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ मध्ये पगारावरील कर हा वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर सरासरी दराने कापावा असे होते. अंदाजित हा शब्द महत्त्वाचा. अंदाज बदलला तर कपात बदलू शकते, आणि आधी जास्त किंवा कमी कापले गेले असेल तर त्याच आर्थिक वर्षात पुढच्या महिन्यांच्या कपातीत ते जुळवून घेण्याची मुभा मालकाला होती. त्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आणला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. कलमांचे क्रमांक बदलले. वर्षाचा अंदाज बांधून सरासरीने कापायची रीत तीच ठेवली आहे.

मुभा आहे म्हणजे मालक आपण होऊन करीलच असे नाही. लेखा विभागातल्या माणसाला दोनशे-पाचशे पगारपत्रके काढायची असतात. कोणाला कधी जा म्हणून सांगितले हे त्याला मनुष्यबळ विभाग शेवटच्या आठवड्यात कळवतो. आम्ही स्वतः त्या खुर्चीवर बसलो आहोत, म्हणून त्याला दोष देत नाही. सांगायचे काम आपले आहे, आणि ते लेखी.

त्या रात्री आम्ही मुलाला फोनवर अर्जाचा मजकूर सांगितला. नाव, कर्मचारी क्रमांक, पॅन क्रमांक. माझा सेवेचा शेवटचा दिवस ३० सप्टेंबर २०२५ असल्याचे आपल्या अमुक तारखेच्या पत्राने मला कळविले आहे. त्यामुळे या आर्थिक वर्षात आपल्याकडून मला मिळणारा करपात्र पगार अंदाजे ९ लाख रुपये होईल. त्यानंतरच्या नोकरीचे अद्याप ठरलेले नाही. तरी ऑगस्ट महिन्यापासून करकपातीचा हिशेब या अंदाजाप्रमाणे नव्याने करावा. एवढेच. रडगाणे नाही, भांडण नाही. अर्ज ई-मेलने पाठवायचा, त्याची प्रत आपल्या स्वतःच्या मेलवर ठेवायची, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो. जिथे कागदच चालतो तिथे दोन प्रती करून एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. आणि हे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात करायचे, कारण पगारपत्रक एकदा बंद झाले की त्या महिन्याची कपात हलत नाही.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने का सांगतो? कारण आम्ही एकदा ठेच खाल्ली आहे. २००८ साली आम्ही पुण्यात एका खाजगी पेढीत हिशेबनीस होतो. पगार १८ हजार. त्या वर्षी पुरुषांना दीड लाखापर्यंत कर नव्हता. वर्षाचे २ लाख १६ हजार धरून पेढी आमचे महिन्याला ५६६ रुपये कापत असे. ऑक्टोबरअखेर पेढीने दुकान गुंडाळले. सात महिन्यांचा पगार १ लाख २६ हजार, म्हणजे कर शून्य. सात महिन्यांत कापले गेले ३,९६२ रुपये. आम्ही बी.कॉम. झालेलो, दुसऱ्यांची पगारपत्रके भरणारे, पण स्वतःसाठी एक अर्ज लिहिला नाही. कपातीचा दाखलाही मागितला नाही. पुढे मागायला गेलो तेव्हा तिथे दुसऱ्याच धंद्याची पाटी लागली होती. ते पैसे गेले ते गेलेच. रक्कम आज छोटी वाटेल, पण त्या हिवाळ्यात आमच्या घरी किराणा उधारीवर येत होता.

असो. आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर अर्धे ज्ञान घातक ठरायचे.

कपात थांबवणे म्हणजे कर माफ होणे नव्हे. अंदाज खरा बांधला पाहिजे. मामांच्या मुलाला दोन महिने आधी सांगून तेवढे काम करवून घेतले. पण पुष्कळ कंपन्या उद्यापासून येऊ नका म्हणतात आणि नोटीसकाळाचा पगार एकदम देतात. हा पगार करपात्र असतो. समजा ९ लाखांच्या वर तीन महिन्यांचे साडेचार लाख मिळाले. मग पगार साडेतेरा लाख, वजावटीनंतर १२ लाख ७५ हजार. १२ लाखांची रेषा ओलांडली की सवलत गेली आणि उपकरासह कर झाला ७४,१०० रुपये. अशा माणसाने शून्याचा अर्ज दिला तर तो स्वतःलाच फसवतो.

तसेच नव्या नोकरीचे. डिसेंबरात दुसरी नोकरी त्याच पगारावर लागली तर मार्चपर्यंत चार महिन्यांचे ६ लाख येतील. नवी कंपनी फक्त आपले ६ लाख पाहील आणि म्हणेल, याला कर नाही. जुनी कंपनी म्हणाली, ९ लाखांना कर नाही. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर. पण बेरीज १५ लाख, आणि त्यावर २०२५-२६ च्या दराने ९७,५०० रुपये कर. तो रिटर्न भरताना एकदम अंगावर येतो, वर व्याज. म्हणून नव्या ठिकाणी रुजू होतानाच जुन्या नोकरीचा पगार आणि त्यातली कपात लेखी कळवावी. नवी नोकरी लागल्याच्या आनंदात हे हमखास राहून जाते.

जे जुन्या करपद्धतीत आहेत त्यांच्यासाठी एक इशारा. जानेवारी आला की विम्याचा एजंट घरी येतो आणि कर वाचवा म्हणून पॉलिसी गळ्यात बांधतो. नोकरी अर्ध्या वर्षातच गेली असेल तर वाचवायला करच नसेल. आधी हिशेब करा. पगारदाराला रिटर्न मुदतीत भरताना जुनी-नवी पद्धत बदलून घेता येते, मग कंपनीला एप्रिलमध्ये काहीही सांगितलेले असो. पॉलिसीचा हप्ता मात्र पुढे पंधरा वर्षे मानगुटीवर बसतो.

आता ज्यांचा पगारच करपात्र नाही अशा आपल्या बहुसंख्य बांधवांकडे येऊ. हा सारा विषय साहेब लोकांचा, असे त्यांनी समजू नये. त्यांना कर गाठतो तो फंड काढताना.

आमच्या ओळखीतली एक मुलगी हैदराबादजवळ औषधाच्या कारखान्यात कंत्राटी कामावर होती. पहिल्या कंत्राटदाराकडे तीन वर्षे, दुसऱ्याकडे अडीच वर्षे. कारखाना तोच, यंत्र तेच, फक्त कंत्राटदार बदलला. काम सुटल्यावर तिने दुसऱ्या खात्यातले ९२ हजार काढले, तर हातात आले ८२,८०० रुपये. ९,२०० रुपये कर म्हणून कापले गेले. वर्षाला दोन लाखही न मिळवणाऱ्या मुलीला कर!

नियम असा की पाच वर्षे सलग सेवा झालेली नसेल आणि काढायची रक्कम ५० हजार किंवा अधिक असेल, तर फंडाच्या रकमेतून १० टक्के कर कापतात. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. पण पहिल्या नोकरीचा फंड दुसऱ्या खात्यात वर्ग करून घेतला असेल तर आधीची सेवा धरली जाते. या मुलीची साडेपाच वर्षे भरत होती. पहिले खाते वर्ग करण्याचा अर्ज तिने केला असता तर एक पैसाही कापला गेला नसता. दुसरा मार्ग असा होता की वर्षाच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याची घोषणा फंडाच्या अर्जासोबत द्यायची. १९६१ च्या कायद्याखाली तिला फॉर्म १५ जी म्हणत. नव्या कायद्यात नमुन्यांचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून अर्ज भरताना 'कर न कापण्याची घोषणा' असे विचारावे. मात्र ती खरी असेल तरच द्यावी, खोट्या घोषणेला शिक्षा आहे. तिने दोन्ही केले नव्हते. शेवटी रिटर्न भरून ते ९,२०० रुपये परत मिळवावे लागले. वर्ष गेले.

याच नियमात एक वाक्य आहे, जे कामगाराच्या बाजूचे आहे आणि म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही. आजारपणामुळे, मालकाने धंदा आवरता घेतल्यामुळे किंवा बंद केल्यामुळे, अथवा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी संपली असेल, तर पाच वर्षे झाली नसली तरी फंडाची रक्कम करमुक्त राहते. इथेच राजीनाम्याची गोम आहे. कंपन्या माणसाला काढत नाहीत, राजीनामा दे म्हणतात. अनुभवाचा दाखला चांगला देऊ म्हणतात. बिचारा सही करतो. मग फंडाच्या नोंदीत नोकरी सोडण्याचे कारण म्हणून राजीनामा येते आणि हाताबाहेरचे कारण हा मुद्दा सिद्ध करणे जड जाते. कामगार कपातीची जी नुकसानभरपाई ५ लाखांच्या मर्यादेत करमुक्त असते, तिच्यावरचा हक्कही राजीनाम्याने ढिला होतो. म्हणून सही करण्याआधी एक दिवस मागा. घरी कागद आणा, कोणाला तरी वाचायला द्या. कमी करण्यात येत आहे असे पत्र मिळवता आले तर मिळवा. ते नाहीच मिळाले तर मला अमुक तारखेला बोलावून राजीनामा देण्यास सांगण्यात आले, असा मेल आपणच पाठवून ठेवा.

बाकी रकमांचे थोडक्यात सांगतो. कायद्याप्रमाणे मिळणारी ग्रॅच्युइटी, म्हणजे दर पूर्ण वर्षाला शेवटच्या मूळ पगार व महागाई भत्त्याचे पंधरा दिवस, सव्वीस दिवसांचा महिना धरून, ही २० लाखांपर्यंत करमुक्त आहे. नोकरी सोडताना मिळणारा शिल्लक रजेचा पगार खाजगी नोकरांना २०२३ पासून २५ लाखांच्या मर्यादेत आणि ठरलेल्या हिशेबाने करमुक्त आहे. नियमात बसणाऱ्या स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेला ५ लाखांपर्यंत सूट आहे. अंतिम हिशेबाच्या कागदावर या रकमा वेगवेगळ्या रकान्यांत आहेत का ते पाहा. सगळ्याची एकच बेरीज करून तिच्यावर कर कापलेला आम्ही पाहिला आहे.

आणि कापलेला कर सरकारात पोहोचला का, हेही पाहावे लागते. किंगफिशर एअरलाइन्सची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये कायमची उतरली, तेव्हा पगारातून कापलेला कर कंपनीने भरलाच नसल्याचे उघड झाले होते. बुडणारी कंपनी आधी पगार थकवते, मग फंड, मग हा कर. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनच्या नावाने कर जमा झाल्याचे विवरण दिसते. १९६१ च्या कायद्याखाली ते २६ एएस नावाने ओळखले जाई. दर तिमाहीची नोंद महिना-दीड महिन्याने दिसते. नोंद नसेल तर अजून आत ओळखीची माणसे आहेत तोवर विचारा. आणि समजा कंपनीने भरलाच नाही, तरी घाबरू नये. पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेची वसुली कर्मचाऱ्याकडून करता येत नाही, असे जुन्या कायद्याचे कलम २०५ सांगत होते. २०१५ आणि २०१६ साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांना तशा सूचनाही दिल्या होत्या. मात्र कापल्याचा पुरावा आपल्याकडे हवा. पगाराच्या सर्व स्लिपा आणि बँकेचा उतारा छापून घरच्या पेटीत ठेवावा. मोबाइलमध्ये आहे असे म्हणू नये, मोबाइल पाण्यात पडतो.

मामांच्या मुलाने ११ ऑगस्टला अर्ज पाठवला. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी एका बाईंचा फोन आला, की असे कोणी विचारत नाही, आम्ही तपासतो. ऑगस्टच्या स्लिपेत आयकराच्या रकान्यात शून्य होते, सप्टेंबरच्याही. आधीचे ५०,२६८ रुपये मात्र सरकारजमा झाले होते, ते कंपनी परत देऊ शकत नव्हती. त्यासाठी रिटर्न भरावा लागणार होता, आणि तोवर कपातीचा दाखला व स्लिपा जपायच्या होत्या. सप्टेंबरअखेर मामा पुन्हा आमच्याकडे आले. मुलीची फी भरल्याची पावती त्यांनी दाखवायला आणली होती. मुलगा पुढच्या आठवड्यात सामान घेऊन येणार होता. जाता जाता म्हणाले, "त्याच्या खोलीतले अजून दोघं जणं आहेत, त्यांनाबी काढलंय. त्यांचा फोन आला तर तेवढं सांगता का?"

आम्ही म्हणालो, नंबर द्या, आम्हीच लावतो.